मोठा पडदा, जुना माल : रिफर्बिश्ड मॉनिटर घेताना

भिवंडीतील कामतघरची जुनी ओळख दोन गोष्टींनी होते. एक वऱ्हाळदेवीचा तलाव आणि दुसरी यंत्रमागांची अखंड खडखड. गेल्या दोन दशकांत या परिसराला तिसरी ओळख मिळाली आहे, ती गोदामांची. मुंबईच्या जकात नाक्यांच्या अलीकडे, मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेला आणि न्हावा-शेवा बंदराच्या आवाक्यात असल्यामुळे माणकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या गावांच्या शिवारांत गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. गोदामांची वाढ मात्र थांबली नाही. ऑनलाइन खरेदी करणाऱ्या मुंबई-ठाण्याच्या ग्राहकांचा बराचसा माल आज येथूनच निघतो आणि नापसंत पडलेला माल परतही येथेच येतो.

या परतीच्या प्रवाहाबरोबर आणि महानगरातील कार्यालयांनी मोडीत काढलेल्या यंत्रांबरोबर ‘रिफर्बिश्ड’ हा शब्द सर्वसामान्य ग्राहकापर्यंत पोहोचला. कामतघरसारख्या वस्तीत मागवाल्याच्या छोट्या कचेरीलाही आता ई-वे बिल, कराची विवरणपत्रे आणि हिशेबाचे तक्ते संगणकावरच करावे लागतात. कापडाची डिझाइन करणारा तरुण, घरून काम करणारी लेखापाल, बारावीनंतर संगणक शिकणारी मुलगी या साऱ्यांना लॅपटॉपचा चौदा-पंधरा इंची पडदा अपुरा पडतो. नवा २७ किंवा ३२ इंची मॉनिटर खिशाला जड वाटतो आणि त्याच आकाराचा रिफर्बिश्ड मॉनिटर निम्म्या किमतीत समोर येतो. हा व्यवहार फायद्याचा ठरू शकतो, पण तो केव्हा फायद्याचा आणि केव्हा तोट्याचा, हे ठरवण्याची पद्धत ठाऊक असायला हवी.

एक शब्द, चार अर्थ

कापडाच्या बाजारात ताका घेणारा व्यापारी नुसत्या शब्दावर विसंबत नाही. तो ताका टेबलावर उलगडतो, उजेडात पाहतो, तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग मोजतो आणि मगच भाव ठरवतो. निर्यातीच्या कापडासाठी तर दोषांना गुण देण्याची चार-गुणांची पद्धत आहे. दोष जितका लांब, तितके त्याचे गुण अधिक, आणि शंभर चौरस वारांत साधारण चाळीस गुणांपर्यंतचा माल स्वीकारण्याचा प्रघात आहे. म्हणजे ‘माल चांगला आहे’ या विधानाला मोजमापाचा आधार असतो.

‘रिफर्बिश्ड’ या शब्दाला असे कोणतेही मोजमाप चिकटलेले नाही. बाजारात या एकाच शब्दाखाली किमान चार प्रकारचा माल विकला जातो. पहिला, ग्राहकाने खोके उघडून चार-आठ दिवसांत परत केलेला, जवळजवळ नवा मॉनिटर. दुसरा, कार्यालयातील तीन ते पाच वर्षांच्या वापरानंतर लॉटने विकला गेलेला आणि पुसून, तपासून पुन्हा बाजारात आणलेला. तिसरा, बिघडल्यामुळे आतील पॉवर बोर्ड किंवा अन्य भाग बदलून दुरुस्त केलेला. चौथा प्रकार सर्वांत फसवा असतो. त्यात एका कंपनीचे जुने पॅनेल, दुसऱ्याच कोणाचे कंट्रोलर बोर्ड आणि तिसरीकडचे आवरण यांची जुळवाजुळव केलेली असते. या चारही मॉनिटरचे उरलेले आयुष्य सारखे नसते, मग त्यांची किंमत सारखी असण्याचे कारण नाही. म्हणूनच दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नसून ‘हा यांपैकी कोणता?’ हा असला पाहिजे.

आकार आणि ठिपक्यांचे गणित

मॉनिटरचा आकार कर्णाच्या लांबीने सांगितला जातो. त्यामुळे २४ आणि २७ इंचांत फरक थोडाच वाटतो. प्रत्यक्षात रुंद पडद्याच्या २४ इंची मॉनिटरचे क्षेत्रफळ सुमारे १,६०० चौरस सेंटिमीटर, २७ इंचीचे सुमारे २,००० आणि ३२ इंचीचे सुमारे २,८०० चौरस सेंटिमीटर भरते. मात्र पडदा मोठा झाला म्हणजे त्यावर अधिक मजकूर मावतो, असे नाही. ते ठिपक्यांच्या, म्हणजेच पिक्सेलच्या संख्येवर अवलंबून असते.

१९२० बाय १०८० पिक्सेलच्या २४ इंची पडद्यावर एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसतात. तेवढेच ठिपके २७ इंचांवर पसरले, तर इंचाला ८२ उरतात आणि हातभर अंतरावरून पाहताना देवनागरीतील काना-मात्रांच्या कडा दाणेदार दिसू लागतात. २५६० बाय १४४० पिक्सेलच्या २७ इंची पडद्यावर हे प्रमाण १०९ होते आणि अक्षर रेखीव दिसते. ३२ इंचांवर हेच पिक्सेल पुन्हा ९२ च्या प्रमाणात येतात. स्वस्त रिफर्बिश्ड मालात १९२० बाय १०८० चे मोठे पडदे बरेच असतात. दुरून चित्रपट पाहण्यास ते ठीक, पण दिवसभर हिशेबाचे तक्ते वाचण्यासाठी २७ इंची घ्यायचा असेल, तर १४४० चा आग्रह धरावा. तो परवडत नसेल तर २४ इंचीवर समाधान मानणे अधिक शहाणपणाचे.

पडद्याचे वय

एलसीडी पडदा स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्या मागील किंवा कडेचा दिवा, म्हणजे बॅकलाइट, प्रकाश देतो आणि द्रवस्फटिकांचा थर तो अडवतो किंवा सोडतो. झिजतो तो मुख्यतः हा दिवा. सुमारे २०१० पर्यंतच्या अनेक मॉनिटरमध्ये त्यासाठी पारायुक्त बारीक नळ्या वापरल्या जात. त्या जुन्या झाल्या की उजेड मंदावतो, पांढरा रंग पिवळट दिसतो आणि सुरू केल्यावर पडदा उजळण्यास वेळ लागतो. त्या काळातील मोठे पडदे वीजही भरपूर घेत. ॲपलने २००४ मध्ये आणलेला ३० इंची मॉनिटर दीडशे वॉटपर्यंत वीज वापरत असे. आजचा २७ इंची एलईडी मॉनिटर साधारणपणे २० ते ४० वॉटमध्ये भागवतो. नळ्यांचा मॉनिटर फुकटाच्या भावात मिळाला तरी आज घेऊ नये.

एलईडी दिव्यांचा उजेड निम्म्यावर येण्याचा काळ सर्वसाधारणपणे ३० हजार ते ५० हजार तास सांगितला जातो. रोज दहा तास, वर्षाला तीनशे दिवस असा वापर धरला तर वर्षाला ३,००० तास होतात. पाच वर्षे कार्यालयात चाललेला मॉनिटर १५ हजार तास जळून आलेला असतो. जुन्या मोटारगाडीचे किलोमीटर विचारतो, तसे मॉनिटरचे तास विचारावेत. काही मॉनिटरच्या मेनूतील माहितीच्या पानावर किंवा दुरुस्तीसाठी राखून ठेवलेल्या मेनूत हे तास नोंदलेले असतात.

तास कळले नाहीत तरी वय कळू शकते. मागच्या बाजूच्या लेबलवर निर्मितीचा महिना-वर्ष आणि अनुक्रमांक छापलेला असतो. याशिवाय प्रत्येक मॉनिटर केबलमधून संगणकाला आपली ओळख सांगतो. कंपनी, मॉडेल आणि निर्मितीचे वर्ष त्यात असते आणि मोफत मिळणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने ते वाचता येते. लेबलवर एक वर्ष आणि या नोंदीत दुसरे, किंवा आवरणावर नामांकित कंपनीचे नाव आणि नोंदीत भलतेच नाव आढळले, तर आतील बोर्ड तरी बदलले आहे किंवा आवरण तरी. हाच तो चौथ्या प्रकारचा मॉनिटर असण्याची शक्यता अधिक.

अर्ध्या तासाची तपासणी

मॉनिटर सुरू करून लगेच पैसे मोजण्याची घाई करू नये. तो किमान अर्धा तास चालू ठेवावा. पॉवर बोर्डवरील कपॅसिटर कमकुवत झाले असतील, तर पडदा लुकलुकणे, आपोआप बंद पडणे किंवा आवाज करणे हे दोष गरम झाल्यावर उघडे पडतात. याच्या उलट, सुरू होतानाच दोन-तीनदा अडखळणे हेही कपॅसिटर फुगल्याचे जुने लक्षण आहे.

पेन ड्राइव्हवर काळा, पांढरा, करडा, लाल, हिरवा आणि निळा अशी सहा एकरंगी चित्रे बरोबर न्यावीत आणि ती पूर्ण पडद्यावर दाखवावीत. काळ्या चित्रावर सतत उजळणारे ठिपके आणि कडांतून झिरपणारा प्रकाश दिसतो. पांढऱ्यावर मेलेले काळे ठिपके, धुळीचे डाग आणि पिवळटपणा दिसतो. शेजारी कोरा कागद धरला की पिवळटपणा चटकन लक्षात येतो. करड्या चित्रावर खालच्या कडेला जुन्या टास्कबारची पुसट सावली दिसली, तर तो मॉनिटर वर्षानुवर्षे एकच चित्र दाखवत आला आहे, असे समजावे. लाल, हिरव्या आणि निळ्या चित्रांवर एकेका रंगाचे बिघडलेले उपठिपके सापडतात.

ठिपके किती खपवून घ्यावेत, यालाही मोजमाप आहे. २००१ च्या आयएसओ १३४०६-२ या मानकाने पडद्यांचे वर्ग पाडले होते. पुढे २००८ मध्ये त्याची जागा आयएसओ ९२४१ या मालिकेतील भागांनी घेतली. जुन्या मानकाच्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन सतत उजळ, दोन सतत काळे आणि पाच बिघडलेले उपठिपके चालत. २५६० बाय १४४० च्या पडद्यावर सुमारे ३७ लाख पिक्सेल असतात. म्हणजे या हिशेबाने सात उजळ आणि सात काळे ठिपके असलेला पडदाही ‘मानकानुसार’ ठरू शकतो. तेव्हा दुकानदाराने ‘ए ग्रेड’ असे म्हटले, तर त्याच्या लेखी किती ठिपके चालतात, हा आकडा बिलावर लिहून घ्यावा. मधोमधचा एक उजळ ठिपका कोपऱ्यातील तिघांपेक्षा अधिक त्रास देतो, हेही लक्षात ठेवावे.

उजेडाची परीक्षा सोपी आहे. मेनूत उजेड निम्म्यावर ठेवून खोलीत काम करता येत असेल, तर दिव्यात जीव आहे. शंभर टक्क्यांवर नेल्यावर जेमतेम भागत असेल, तर तो संपत आला आहे. नंतर उजेड वीस टक्क्यांवर आणून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पडद्याकडे पाहावे. ठळक काळे पट्टे सरकताना दिसले, तर दिवा वेगाने लुकलुकत असण्याची शक्यता असते. डोळ्यांना ते थेट जाणवत नाही, पण दीर्घकाळ काम करणाऱ्या काहींना त्याने डोळे दुखण्याचा त्रास होतो.

जोडणीची खाच

उत्तम स्थितीतील मॉनिटर घरी आणल्यावर संगणकालाच जोडता येत नाही, असे जुन्या मोठ्या पडद्यांबाबत हमखास घडते. २००५ च्या सुमाराचे २५६० बाय १६०० पिक्सेलचे ३० इंची मॉनिटर ड्युअल-लिंक डीव्हीआय जोडणी मागतात. ती आजच्या लॅपटॉपवर नसते आणि साधा स्वस्त ॲडॅप्टर तिथे कामाचा नाही. फोर-के मॉनिटरची एचडीएमआय १.४ प्रकारची असेल, तर पूर्ण पिक्सेलवर सेकंदाला ३० चित्रेच मिळतात आणि माऊसचा बाण अडखळत सरकतो. ६० चित्रांसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागते. त्यामुळे आपलाच लॅपटॉप आणि आपलीच केबल दुकानात नेणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. मॉनिटरला बाहेरचा ॲडॅप्टर असेल, तर त्यावरील व्होल्ट लेबलशी जुळतात का आणि अँपिअर कमी तर नाहीत ना, हे पाहावे. स्टँड नसेल, तर मागे १०० बाय १०० मिलिमीटरची चार भोके आहेत का, ते तपासावे. भिंतीवरचा किंवा टेबलाचा आधार त्यांवर बसतो.

बिल, कर आणि जबाबदारी

ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार रिफर्बिश करणाऱ्या व्यावसायिकाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करायची असते. दुरुस्त केलेली वस्तू सक्तीच्या नोंदणी योजनेला आणि भारतीय मानक ब्युरोच्या मानकांना धरून असल्याची काळजीही त्याने घ्यायची असते. मोठ्या कार्यालयांनीही आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा रिसायकलर यांच्याकडेच द्यावा, असे बंधन आहे. ‘तुमचा नोंदणी क्रमांक काय?’ हा प्रश्न त्यामुळे उद्धटपणाचा नाही. त्याला सरळ उत्तर देणारा विक्रेता माल कोठून आला हेही सहसा सांगू शकतो.

पक्के बिल घ्यावे आणि त्यावर मॉडेल, अनुक्रमांक, ‘रिफर्बिश्ड’ हा शब्द, वॉरंटीची मुदत आणि वॉरंटीत पॅनेल धरले आहे की नाही, हे लिहून घ्यावे. बहुतेक वाद या शेवटच्या मुद्द्यावर होतात, कारण मॉनिटरमध्ये सर्वांत महागडा भाग पॅनेलच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील मॉनिटरवरील करही २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे नव्या मोठ्या पडद्याची जुनी किंमत दाखवून रिफर्बिश्ड माल स्वस्त भासवला जात नाही ना, हे पडताळावे. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला, खरेदीवर कराचे क्रेडिट घेतले नसल्यास, खरेदी-विक्रीतील फरकावरच कर भरण्याची मुभा आहे. बिलावर कर स्वतंत्र दाखवलेला नसेल, तर मागवाल्याला किंवा अन्य व्यावसायिकाला त्याचे क्रेडिट घेता येत नाही. किमतींची तुलना करताना हे ध्यानात घ्यावे.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी कायद्याच्या वर नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही देखील अनुचित व्यापार प्रथाच ठरते. तक्रार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे करता येते. कामतघरच्या ग्राहकाने दिल्लीच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन माल मागवला, तरी दाद ठाणे जिल्ह्यात मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला या कायद्याचे संरक्षण मिळत नाही. मात्र स्वयंरोजगाराने केवळ उपजीविका चालवणारा ग्राहकच मानला जातो. घरून डिझाइन करणाऱ्या तरुणाला ही तरतूद आधार देणारी आहे.

किंमत किती द्यावी?

समजा, २७ इंची नवा मॉनिटर १६ हजार रुपयांना मिळतो आणि त्याच प्रकारचा पाच वर्षे वापरलेला ८ हजारांना. अर्धी किंमत म्हणजे मोठी बचत, असे प्रथमदर्शनी वाटते. आता तास मोजू. दिव्याचे आयुष्य ३० हजार तास आणि वर्षाचा वापर ३,००० तास धरला, तर नव्याची दहा वर्षे होतात आणि जुन्याची पाच उरतात. दोन्हींचा वार्षिक खर्च येतो १,६०० रुपये. म्हणजे बचत काहीच नाही. शिवाय नव्याला तीन वर्षांची वॉरंटी आणि जुन्याला सहा महिन्यांची असेल, तर जोखीम ग्राहकाच्या माथी. हे गणित ढोबळ आहे, कारण दिवा एका दिवसात विझत नाही आणि नवा मॉनिटरही मध्येच बिघडू शकतो. तरी त्यातून एक कसोटी हाती येते. अर्धे आयुष्य उरलेल्या मालाला अर्धी किंमत देणे म्हणजे जोखीम फुकटात उचलणे होय. वरच्या उदाहरणात साडेपाच-सहा हजारांच्या आत व्यवहार झाला आणि पॅनेलसह सहा महिने ते वर्षभराची वॉरंटी लेखी मिळाली, तरच तो खऱ्या अर्थाने स्वस्त. उलट चार-आठ दिवसांत परत आलेला, शंभर-दोनशे तासच चाललेला मॉनिटर नव्याच्या पाऊण किमतीतही परवडतो.

माल घरी नेतानाची काळजीही याच हिशेबाचा भाग आहे. मोठा पॅनेल आडवा ठेवून त्यावर सामान ठेवले, तर खड्ड्यांच्या एका हिसक्यात त्याला तडा जातो आणि तडा वॉरंटीत बसत नाही. फोम घातलेल्या खोक्यात मॉनिटर उभाच न्यावा आणि मागवलेला असेल, तर खोके उघडतानाचे चित्रीकरण करावे.

चांगला रिफर्बिश्ड मॉनिटर घेणे ही केवळ काटकसर नाही. एक पडदा आणखी पाच वर्षे चालला, तर तेवढी वर्षे तो भंगाराच्या ढिगाऱ्यात जात नाही. भंगाराच्या गोदामांना लागणाऱ्या आगी आणि त्यांचा धूर भिवंडीकरांच्या परिचयाचा आहे. पण वर्षभरात बंद पडणारा, जुळवाजुळव केलेला मॉनिटर त्याच ढिगाऱ्याकडे जाण्याच्या वाटेवर एका गरजू कुटुंबाचे पैसे तेवढे घेऊन जातो. ताका उलगडून पाहिल्याशिवाय भाव न करण्याची सवय भिवंडीच्या बाजाराला पिढ्यान्‌पिढ्या आहे. पडदा उजळून, तास मोजून आणि जबाबदारी कागदावर घेऊन मगच पैसे देणे, हा त्याच सवयीचा नवा उपयोग आहे.